जुन्या मातीच्या घरात मागच्या खोलीपर्यंत वायफाय पोचत नाही, काय करावं?

कपाशीवाला | १२ एप्रिल, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. गावात मागच्या वर्षी फायबर आलं, आम्ही ५० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं. बैठकीत नेट झकास चालतं. अडचण घराच्या मागच्या भागाची आहे.

घर कसं आहे ते सांगतो. समोर छपरी आणि बैठक, हे विटांचं नवं बांधकाम, वर स्लॅब. त्याच्या मागे आबाजींच्या हातचं जुनं घर: माजघर, मग स्वयंपाकघर, मग मागची खोली. या सगळ्या भिंती मातीच्या, दोन-दोन फूट जाड, वर कवेलू. एका अंगाला लांबट आंगण आहे. बैठकीची एक खिडकी आणि मागच्या खोलीची खिडकी दोन्ही त्या आंगणात उघडतात. राउटर बैठकीत टीव्हीच्या मागे आहे, कारण जोडणीला आलेल्या मुलानं तिथेच भोक पाडलं.

मुलगी आता बारावीत गेली. नीटची तयारी करते, क्लास ऑनलाइन आहे. तिची खोली मागची, कारण बैठकीत पाहुणे, टीव्ही, येणारे-जाणारे चालूच असतात. तिच्या खोलीत फोनवर सिग्नलची एक कांडी दिसते आणि तीही जाते. हिवाळ्यात कसंबसं चालत होतं, गेल्या पंधरा दिवसांत तर पूर्ण बंद पडल्यासारखं झालं. रात्री दहानंतर ती छपरीत बसून लेक्चर डाउनलोड करते. डास चावतात, उजेड नीट नाही. मला ते बघवत नाही.

दीड हजाराचा रिपीटर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे सोडणारा डबा) आणून तिच्या खोलीत लावला. कांड्या पूर्ण दिसतात, पण व्हिडिओ फिरतच राहतो. आता दुकानदार म्हणतो मेश घ्या, म्हणजे एकमेकांना जोडलेले वायफायचे दोन-तीन डबे, नऊ-दहा हजार लागतील. घ्यावं का? कापसाचे पैसे यायचे आहेत, घेतलं तर पुन्हा चुकायला नको.

चांदूरकर | १२ एप्रिल, रात्री १०:१५

रिपीटर मागच्या खोलीत लावला हीच चूक झाली भाऊ. त्याला स्वतःलाच तिथे सिग्नल मिळत नाही, तो पुढे काय देणार? फोनमधल्या कांड्या फोन आणि रिपीटर यांच्यातल्या अंतराच्या. रिपीटर आणि राउटर यांच्यात काय चाललंय ते त्यातून कळत नाही. माजघरात लावून बघा.

आर्वीकर मास्तर | १२ एप्रिल, रात्री ११:०५

मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. कपाशीवाला भाऊ, काहीही विकत घेण्याआधी मोजून घ्या. कांड्यांवर जाऊ नका, प्रत्येक फोन त्या आपल्या हिशोबानं दाखवतो. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर नावाची बरीच फुकट अ‍ॅप्स आहेत. त्यात सिग्नल डीबीएममध्ये, म्हणजे ताकद मोजायच्या मापात, दिसतो आणि आकडा नेहमी उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५ ते ६७ पर्यंत व्हिडिओ क्लास नीट चालतो. उणे ७० च्या खाली अडखळायला लागतं आणि उणे ८० च्या पलीकडे फोन नुसता चिकटून राहतो, काम होत नाही.

हे माप सरळ बेरजेचं नाही. ३ डीबी कमी झाले की ताकद निम्मी होते, १० कमी झाले की दहावा भाग उरतो, २० कमी झाले की शंभरावा. म्हणून उणे ७० आणि उणे ८० यांत 'दहाचाच तर फरक' असं समजू नका.

प्रत्येक खोलीत, जिथे माणूस खरोखर बसतो तिथे, फोन हातात धरून अर्धा मिनिट थांबा आणि आकडा लिहा. तुमचा राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालत असेल तर दोन्हीचे आकडे वेगळे घ्या. ५ गिगाहर्ट्झला वेग जास्त, पण भिंत लागली की तो लवकर मरतो. २.४ चा वेग कमी, तरी भिंतीतून तो जास्त पुढे जातो. मातीच्या दोन फुटी भिंतीत ५ गिगाहर्ट्झकडून फार आशा ठेवू नका.

आणखी एक बघा. लॅपटॉप असेल तर तो तारेनं थेट राउटरला जोडून वेग तपासा. तिथेच ५० च्या जागी १५ येत असतील तर दोष वायफायचा नाही, मागून येणाऱ्या लाइनचा आहे. गावाकडे या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते, आणि लोक लाइनच्या दोषापायी राउटर बदलत बसतात.

शेवटचा प्रश्न. पंधरा दिवसांपूर्वी घरात काय बदललं?

पांढरं सोनं | १३ एप्रिल, सकाळी ७:२०

आमचं सासर दर्यापूरकडचं. आमच्याकडे बैठक आणि मागची खोली यांच्यामध्ये जी खोली आहे तिच्यात यंदा भाव वाढेल म्हणून कापूस भरून ठेवलाय, अगदी मयालीला (छपराखालच्या तुळईला) टेकलाय. कापूस भरल्यापासून मागे नेट मंदावलं असं मला वाटतं. घरचे म्हणतात कापसानं काय होते? मास्तर, होऊ शकतं का हो असं?

आर्वीकर मास्तर | १३ एप्रिल, सकाळी ८:००

होऊ शकतं ताई. सुका कापूस एकट्यानं फार अडवत नाही, पण वाळलेल्या कापसातही आठ-दहा टक्के ओल असतेच. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस खरेदीवाले, १२ टक्क्यांच्या वर ओल असलेला कापूस घेत नाही, यावरून अंदाज करा. त्यात सरकी आली. दहा फूट गंजीतली ती सगळी ओल एकत्र धरली तर थोडी नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी चांगल्याच शोषून घेतं. मायक्रोवेव्ह ओव्हन जवळपास याच लहरींवर अन्न गरम करतो. आत्ता मोजून ठेवा, कापूस गेला की पुन्हा मोजा. माझ्याकडे याचे आकडे नाहीत, तुमचे वाचायला आवडतील.

कपाशीवाला | १३ एप्रिल, दुपारी २:४०

मास्तर, तुम्ही विचारलं काय बदललं, आणि मला एकदम उमगलं. कूलर! मार्चअखेरीस मागच्या खोलीच्या खिडकीत कूलर बसवला.

२.४ चे आकडे असे आले. बैठकीत उणे ३८, माजघरात उणे ६४, स्वयंपाकघरात उणे ७२, मागच्या खोलीत मुलीच्या टेबलापाशी उणे ८४. ५ गिगाहर्ट्झ माजघरात उणे ७८ आणि पुढे दिसतच नाही. लॅपटॉप तारेनं जोडून ४८ एमबीपीएस आले, म्हणजे लाइन चांगली आहे.

मग पोराला हाताशी घेतलं, कूलरचं पाणी काढलं आणि तो खिडकीतून बाजूला ओढला. टेबलापाशी उणे ७४ झालं. पुन्हा खिडकीत लावला, पाणी भरलं, पुन्हा उणे ८४. तीनदा केलं, तीनदा तेच.

आर्वीकर मास्तर | १३ एप्रिल, दुपारी ३:३०

शाब्बास. आता तुमच्या घराचा नकाशा कळला. सिग्नल मातीच्या तीन भिंती फोडून मागे जातच नव्हता. तो बैठकीच्या खिडकीतून आंगणात आणि आंगणातून मागच्या खिडकीत वळसा घालून जात होता. त्या खिडकीत तुम्ही पत्र्याची पेटी ठेवली, तिच्यात साठ-सत्तर लिटर पाणी आणि तीन बाजूंना ओल्या ताट्या. पत्रा लहरी परत फेकतो, पाणी पिऊन टाकतं. दहा डीबी गेले म्हणजे जे येत होतं त्याचा दहावा भाग उरला.

विदर्भातल्या बऱ्याच घरांत उन्हाळ्यात वायफाय 'बिघडतं' ते यामुळेच. लोक कंपनीला फोन करत राहतात आणि जूनमध्ये कूलर काढला की आपोआप नीट होतं. कूलर तर काढता येणार नाही, इथे ४५ अंशांत मुलीनं बसायचं कसं? वाट दुसरी शोधावी लागेल.

मोर्शीवाला | १३ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

राजेहो, आमच्या घरी बी असंच होतं. मी तं राउटर कपाटावर ठेवला होता, लोखंडी अलमारीच्या मागं! मले वाटलं उंचावर हाय तं बरं. एक दिवस भाच्यानं येऊन अलमारीच्या पुढं आणला, खिळा ठोकून भिंतीवर टांगला, तं तिकडच्या खोलीत चालू झालं. एक पैसा नाई लागला. टीव्हीच्या मागं ठेवू नका भाऊ. टीव्हीच्या मागं सारा पत्राच असते.

अकोल्याचा पुण्यात | १३ एप्रिल, रात्री ९:००

मी मेशच्या बाजूनं लिहितो. बाळापूरजवळ आईबाबांकडे गेल्या दिवाळीत दोन डब्यांची मेश बसवली. बाबा सत्तरीचे आहेत, त्यांना दोन नावं, दोन पासवर्ड हे जमत नाही. मेशमध्ये एकच नाव, फोन हातात घेऊन चाललं की तो आपोआप जवळच्या डब्याला जोडला जातो. त्यांचं सगळं मस्त चाललंय. पण आमच्याकडे दोन्ही डबे व्हरांड्याच्या दोन टोकांना आहेत, एकमेकांना समोरासमोर दिसतात. मध्ये भिंत नाही. तुमच्यासारख्या घरात दुसरा डबा भिंतीमागे बसला तर त्याचंही रिपीटरसारखंच होईल. मेश महाग आहे म्हणून ती मातीच्या भिंतीतून जास्त आरपार जाते असं नाही, लहरी त्याच.

आणि एक अडचण मला नंतर कळली. लाइट गेली की इन्व्हर्टर फक्त हॉल आणि एका बेडरूमला आहे. दुसरा डबा ज्या बोर्डावर आहे तिथे इन्व्हर्टरची वायर नाही. पहिला चालू, दुसरा बंद. आता त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय.

चांदूरकर | १३ एप्रिल, रात्री ९:२५

रिपीटरबद्दल आधी लिहिलं त्यात भर. माझा माजघरात होता, जिथे उणे ६२ येत होतं, आणि मागे ५० पैकी १८-२० मिळत होते. स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो. आधी राउटरचं ऐकणार, मग तेच फोनला सांगणार. वेळ अर्धा-अर्धा वाटला जातो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. मोबाइलवर लेक्चर बघायला १८ पुरतात. पण क्लास चालू असताना घरातल्या दुसऱ्या कुणी व्हिडिओ लावला की अडकत होतं.

वायरवाले भाऊ | १३ एप्रिल, रात्री १०:४०

मी हिंगणघाटात बावीस वर्षं वायरिंग करतो, आठ-नऊ वर्षांपासून केबल नेटचंही काम घेतो. सगळ्यांचं वाचलं. कपाशीवाला भाऊ, तुमच्या घराला एकच इलाज आहे: मागच्या खोलीपर्यंत तार न्या आणि तिथे दुसरा राउटर लावा. मातीची भिंत हवेतून ओलांडायला बघू नका, भोक पाडून ओलांडा. एकदा तार गेली की कूलर लावा, कापूस भरा, तारेला फरक पडत नाही.

तार कॅट ६ प्रकारची (नेटची तार) घ्या, आणि ती पूर्ण तांब्याची आहे हे बघून घ्या. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार खूप मिळते. दुकानातच एक धागा ब्लेडनं खरवडा. आतून पांढरा निघाला तर परत द्या. ती पहिल्या दिवशी चालेल, वर्षभरात कनेक्टरपाशी तुटेल. हातात घेऊनही कळतं, तांब्याची तार जड लागते. अशा तारेतून १०० मीटरपर्यंत नेट काही न घटता जातं, तुमचं घर त्याच्या पावभरही नसेल.

मातीच्या भिंतीला भोक पाडताना घाई करू नका. विटेची भिंत एका दमात फुटते, मातीची तशी नाही. तिच्यात दगड असतात, कुठे बांबू, कुठे लाकडाचा तुकडा. लांब बिट लागतो, पाइप आत जाईल एवढ्या जाडीचा. खांब आणि मयालीपासून दीड हात तरी लांब राहा. आतून बाहेर थोडा उतार द्या, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. भोकात आधी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप घाला आणि तार पाइपातून न्या. तार तशीच मातीत ठेवली तर उंदीर खातात. कवेलूच्या खालून वाशांवरून नेणार असाल तर तिथे पाइप हवाच, उंदरांची जागाच ती. भोकाच्या कडा सिमेंटनं बुजवू नका, मातीची भिंत सिमेंटला सोडते. शेण-मातीचा काला करून लिंपा. विजेच्या वायरीपासून एक वीत लांब ठेवा, कुठे ओलांडायची वेळ आली तर आडवी काटकोनात ओलांडा.

दोन्ही टोकांना कनेक्टर एकाच क्रमानं लावायचा. कनेक्टरची चिमटी खाली ठेवून डावीकडून: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना फुटते, तिथेच नव्या माणसाचा गोंधळ होतो. कनेक्टर दाबून बसवायचा चिमटा नसेल तर दुकानदाराला माप सांगून टोकं लावूनच घ्या. पण मग भोकातून कनेक्टर जाईल एवढं भोक पाडा!

कपाशीवाला | १४ एप्रिल, सकाळी ६:५०

भाऊ, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. घरात जुना राउटर पडून आहे, आधीच्या मोबाइलवाल्या कनेक्शनचा नाही, भावाकडे नागपूरला होता तो. त्याच्यावर तीन अँटिना आहेत. तो चालेल का?

आर्वीकर मास्तर | १४ एप्रिल, सकाळी ९:१५

चालेल. त्याला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' करायचं, म्हणजे नेट वाटायचं डोकं पुढच्या राउटरकडेच राहील, हा फक्त हवेत सिग्नल सोडेल. काही राउटरमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंटचं बटण सेटिंगमध्येच असतं, ते असेल तर तेच वापरा. नसेल तर हातानं करा.

मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबा, जुनी सेटिंग पुसली जाईल. खाली चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता लिहिलेला असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. फोन त्याच्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका. आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड भरून घ्या. मग लॅनचा, म्हणजे घरातल्या जाळ्यातला, त्याचा पत्ता बदला. पुढच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याला त्याच मालिकेतला दुसरा द्या, पण पुढचा राउटर फोनना जे पत्ते वाटतो त्यांच्या बाहेरचा. सर्वांत शेवटी डीएचसीपी, म्हणजे फोनना पत्ते वाटायची सोय, बंद करा. हे राहिलं तर एका घरात दोन जण पत्ते वाटायला बसतात, आणि कधी एकाचा फोन चालेल, कधी दुसऱ्याचा अडेल. कारण सापडता सापडत नाही.

तार पुढच्या राउटरच्या लॅनमधून निघून जुन्याच्याही लॅनमध्येच घाला. बाहेरून येणाऱ्या लाइनसाठी वेगळ्या रंगाचं वॅनचं भोक असतं, त्यात नाही. चॅनल पुढच्याचा १ असेल तर मागच्याचा ६ किंवा ११ ठेवा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. गावात शेजारची नेटवर्कं दोन-तीनच असतात, चॅनलची गर्दी हा शहराचा त्रास आहे.

जुन्या राउटरची तारेची भोकं १०० एमबीपीएसची असू शकतात. तुमचं कनेक्शन ५० चं आहे, काही बिघडत नाही. अँटिना उभ्या ठेवा. उभ्या अँटिनाचा सिग्नल आडवा चौफेर पसरतो, वर-खाली कमी जातो. तुमच्याकडे सगळ्या खोल्या एकाच पातळीवर आहेत, म्हणजे उभ्याच बऱ्या.

संत्रा बागायतदार | १४ एप्रिल, दुपारी १२:३०

तारेबद्दल एक सावधगिरी सांगतो, माझं नुकसान झालंय म्हणून. दोन वर्षांपूर्वी घरापासून गोठ्यापर्यंत तांब्याची नेटची तार खांबावरून उघड्यावर नेली होती. मेअखेरीच्या वादळात जवळच्या कडुनिंबावर वीज पडली. तारेवर थेट पडली नाही, तरी फायबरच्या डब्याची लॅनची चारही भोकं गेली, गोठ्यातला कॅमेरा गेला. आपल्याकडे पावसाआधीच्या वादळात विजा किती पडतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. घराच्या आतून, छपराखालून तार नेणं वेगळं. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावर तांबं नेऊ नका.

आता मी तिथे फायबर टाकलंय. काचेतून वीज वाहत नाही. फक्त फायबरला आधाराची लोखंडी तार येते, ती डब्यापर्यंत आणायची नाही, बाहेरच कापून टाकायची.

वायरवाले भाऊ | १४ एप्रिल, दुपारी १:०५

शंभर टक्के बरोबर. आणि वादळ दिसलं की राउटरचा अडॅप्टर बोर्डातून काढून ठेवा. बटण बंद करून भागत नाही.

कपाशीवाला | २१ एप्रिल, रात्री १०:३०

मंडळी, काम झालं. सगळं लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

आधी फुकटातलं केलं. राउटर टीव्हीच्या मागून काढून आंगणाच्या खिडकीशेजारी सात फुटांवर टांगला. फायबरची तार तेवढी पुरत नव्हती आणि ती काटकोनात वाकवू नये हे मला ठाऊक होतं, म्हणून जोडणीवाल्या मुलाला बोलावून लांब पॅच कॉर्ड (टोकं लावलेली फायबरची तार) लावून घेतली. तेवढ्यानं माजघर उणे ६४ चं उणे ५९ झालं. मागची खोली, कूलर खिडकीत असताना, उणे ८० वर आली. काम भागत नव्हतं.

मग तार. हिंगणघाटहून २५ मीटर कॅट ६ आणली, २८ रुपये मीटरनं. दुकानात ब्लेडनं खरवडून बघितली, तांबं निघालं. पाइप, कनेक्टर, क्लिपा धरून एक हजाराच्या आत झालं. चिमटा गावातल्या केबलवाल्या मुलानं दिला.

भोकं तीन पाडायची होती. पहिल्या दोन भिंती सरळ गेल्या. तिसरी, स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामधली, तिथे एक फूट आत गेल्यावर बिट फिरेना. गरम होऊन धूर निघाला. थांबलो. बारीक सब्बल घालून हळूहळू कोरलं, तर आतून आधी तांबडी माती आली, मग गव्हाचा भुसा, मग तणसाचे काडीकाडी तुकडे. अजून पिवळे, जसे काल मिसळले असतील तसे. ही भिंत आबाजींनी १९६२ मध्ये घातली असं बाबा सांगतात. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. त्यांनी तो भुसा तळहातावर घेतला आणि म्हणाले, याच्यासाठी मी पायानं माती तुडवलीय, आठ वर्षांचा होतो. माती, भुसा, पाणी, आणि सगळ्या भावंडांनी सकाळपासून तुडवायचं. मग बिटाच्या आड आलेला दगड त्यांनीच सांगितल्याप्रमाणे दोन बोटं वरून चुकवला. लिंपायचा काला आईनं केला.

एक चूक झाली तीही सांगतो. मास्तरांनी लिहूनही डीएचसीपी बंद करायचं राहिलं. पहिली रात्र चाललं, दुसऱ्या दिवशी हिच्या फोनवर वायफायची खूण दिसे आणि काहीच उघडेना. तुमची ती ओळ पुन्हा वाचली, बंद केलं, सगळे फोन एकदा बंद-चालू केले, नीट झालं.

आता मुलीच्या टेबलापाशी उणे ४१ आणि ४६ एमबीपीएस. कूलर खिडकीत, पाण्यानं भरलेला. आज तिनं साडेपाच ते साडेआठ सलग क्लास केला. मधे उठून फक्त पाणी प्यायली. छपरीतला पाट मी आत आणून ठेवला.

दीड हजाराचा रिपीटर पडून आहे, कुणाला गरज असेल तर कळवा, नुसता येऊन घेऊन जा.

अकोल्याचा पुण्यात | २१ एप्रिल, रात्री ११:१०

वाचून फार बरं वाटलं. एक विचारतो, दोन्ही राउटरचं नाव एकच ठेवलंत का? फोन पुढून मागे नेला की तो पुढच्यालाच चिकटून राहत नाही?

कपाशीवाला | २२ एप्रिल, सकाळी ६:१५

आधी एकच ठेवलं होतं. तसंच झालं, मुलगी मागच्या खोलीत आली तरी फोन पुढच्याला उणे ७८ वर धरून बसे. म्हणून मागच्याला वेगळं नाव दिलं. तिचा फोन आणि टॅब फक्त मागच्यालाच जोडलेत.

आर्वीकर मास्तर | २२ एप्रिल, सकाळी ८:४०

तुमच्या घरासाठी वेगळं नाव हेच बरं. कुठल्या राउटरला जोडायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही, आणि बरेच फोन जुना सोडायला वेळ लावतात. ज्यांना एकच नाव हवं त्यांनी पुढच्याची ताकद सेटिंगमध्ये 'हाय'वरून 'मीडियम'वर आणून बघावी. दोन्ही ठिकाणी पूर्ण जोरानं बोलत राहिलं की फोनला सोडायचं कारणच मिळत नाही.

कपाशीवाला | २२ एप्रिल, सकाळी ९:०५

आता गोठ्यात कॅमेरा लावायचा विचार आहे. दोन बैलजोड्या आहेत, आजूबाजूला चोऱ्या झाल्यात. गोठा घरापासून सव्वाशे मीटर, मध्ये चिंचेचं झाड. बागायतदार भाऊंचं वाचल्यावर तांब्याची तार तर नेणार नाही.

संत्रा बागायतदार | २२ एप्रिल, दुपारी १२:५०

सव्वाशे मीटरला तशीही तांब्याची तार चालली नसती, १०० च्या पुढे ती भरवशाची नाही. हवेतून पाठवणारे दोन डबे मिळतात, समोरासमोर लावायचे. पण मध्ये चिंच आहे म्हणता. आत्ता पानं कमी असतील तर चालेल, पावसाळ्यात ओल्या पानांनी झाड भरलं की तुटायला लागेल. फायबरच घ्या. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर लागतात, एकात काचेतून आलेला उजेड तारेत येतो, दुसऱ्यात उलट. गोठ्यात विजेचा पॉइंट आहे का ते आधी बघा, कन्व्हर्टर आणि कॅमेरा दोन्हीला लाइट लागते. पाइप दीड फूट खोल पुरा, वखर-नांगर जिथून जातो तिथे आणखी खोल. पहिला पाऊस पडायच्या आत चर खणून घ्या, नंतर काळ्या मातीत फावडं चालत नाही.

पांढरं सोनं | ९ मे, सकाळी ७:४५

मास्तर, तुम्ही सांगितलं होतं तसं मोजून ठेवलं होतं. कापूस असताना मागच्या खोलीत उणे ७१ होतं. परवा गाडी आली, सगळा कापूस गेला. काल मोजलं तर उणे ६६. तीच जागा, तोच फोन, राउटर हलवलेला नाही. घरच्यांनाही दाखवलं.

खोलीत आता नुसती गव्हाची पत्र्याची कोठी उरली आहे, ती मधोमध आहे. आज दुपारी दोघं मिळून कोपऱ्यात सरकवणार आहोत, मग पुन्हा मोजून इथे टाकते.